भावसिंगची खिडकीवाली घडी

उद्या दुपारी बारा वाजता भावसिंग पोलीस ठाण्यात जाऊन काय सांगेल, हे संध्याकाळपासून माझ्या डोक्यातून जात नाही. स्वतःला वाचवायला तो खोटं बोलणार नाही, एवढं मला माहीत आहे. पण सगळं खरंही सांगणार नाही. जेवढं सांगितल्यानं दोष त्याच्यावर येईल तेवढंच सांगेल आणि गप्प बसेल. शैला पोटात होती तेव्हापासून मी काळजी करत आले आहे, काळजी मला नवीन नाही. पण आजवर ती घरच्या माणसांची असायची. बाहेरच्या माणसाची काळजी अशी छातीवर येऊन बसते, हे आज कळलं.

भावसिंग आडे आमच्या पांढरकवड्यात घड्याळं दुरुस्त करतो. हैदराबादकडे जाणाऱ्या रस्त्यावर जिथे ट्रक थांबतात, तिथे बळीरामच्या टायरच्या दुकानाला लागून त्याची लाकडी टपरी आहे. आत तो एकटा बसला की टपरी भरली. गिऱ्हाइकासाठी समोर एक बाकडं. त्या बाकड्यावर बसलं की काय होतं ते मला नीट सांगता येत नाही. पाठीमागून ट्रक जात असतात, धूळ उडत असते, बळीरामचा हातोडा लोखंडावर पडत असतो. आणि थोड्या वेळानं ते सगळं लांब सरकतं, नदीच्या पलीकडच्या काठावर गेल्यासारखं. जवळ उरतो तो टपरीतला आवाज. वीस-पंचवीस घड्याळं, प्रत्येकाची चाल वेगळी. एक घाईत, एक आरामात. मधेच चार-पाच एका तालावर येतात, जरा वेळ सोबत चालतात आणि पुन्हा आपापल्या वाटेनं जातात. पाच मिनिटं म्हणून मी कितीदा तिथे टेकले आणि तासाभरानं उठले. घरी येऊन विचारलं तर मी काय पाहत होते ते सांगता यायचं नाही.

आम्ही इथे छप्पन्न साली आलो. शैलाच्या बाबांना इथल्या जिनिंगमध्ये मॅनेजरची जागा मिळाली होती. मी नागपूरला बी. ए. झालेली, गावात बोलायला कोणी नाही असं वाटून पहिले महिने मी जवळजवळ मुकी होते. शैला नऊ वर्षांची. त्या हिवाळ्यात तिला विषमज्वर झाला. डॉक्टरांनी सांगितलं, दर तासाला नाडी मोजून कागदावर लिहून ठेवा. माझं मनगटी घड्याळ लग्नात आईनं दिलेलं होतं आणि ते मधेच थांबायचं. सेकंदकाटा उभा राहिला की मला घड्याळाचं काही वाटायचं नाही, वाटायचं ते पोरीचं. शेवटी तिला शेजारच्या लीलाबाईंच्या हवाली करून मी स्वतः घड्याळ घेऊन टपरीवर गेले.

भावसिंग तेव्हा तिशीच्या आत होता. कानात बाळ्या, डोक्याला लाल मुंडासं, आणि एका डोळ्यावर भिंग अडकवलेलं. त्यानं भिंग न काढताच माझ्याकडे पाहिलं.

"ठेवून जाते," मी म्हटलं. "संध्याकाळी कोणाला तरी पाठवते."

"मंग संध्याकाळीच आना बाई. मालक समोर नसंल तर मी उघडत नाही."

"मला बसायला वेळ नाही. घरी मुलगी आजारी आहे, तासातासाला तिची नाडी मोजायची आहे."

"म्हणूनच मनतो, बसा. दहा मिनिटं लागन."

पलीकडून बळीराम म्हणाला, "बसून घ्या बाई. त्यानं तहसीलदाराले बी बसोलं होतं. घंटाभर."

"तहसीलदाराच्या घडीत मुंगी होती," भावसिंग म्हणाला. "मंग घंटा लागनच."

मी बसले. त्यानं माझ्यासमोर झाकण उघडलं, घड्याळ माझ्याकडे वळवलं आणि पेचकसाच्या टोकानं एकेक चाक दाखवलं: हे तुमचं, हेही तुमचं, ही माणकं मोजून घ्या, पंधरा हायेत. मी वैतागून म्हटलं की मला नाही मोजायची. तो म्हणाला, "मोजा." मी मोजली. तोवर पंधरा माणकं माझ्या मनगटावर रोज फिरत होती आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

ही त्याची रीत कुठून आली ते मला पुढे तुकड्यातुकड्यांनी कळलं. त्याचा तांडा मुकुटबनच्या बाजूला. आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर नेत. भरलेल्या गोणीचं तोंड धाडणारा शिवून द्यायचा आणि घेणाऱ्याच्या डोळ्यांपुढेच ते उसवायचं, वाटेत कितीही पाऊस लागो, बैल बसो. गोणी भिजली तरी चालेल, पण टाका उसवलेला दिसता कामा नये. रेल्वे आली, लदेणी संपली, बैल गेले. वडील रामधन शेती करू लागले. पण घरात हे बोलणं राहिलं. भावसिंग आदिलाबादला एका म्हाताऱ्या घड्याळजीकडे सहा वर्षं राहून काम शिकला, आणि आपल्या टपरीत गोणीचा कायदा घेऊन बसला.

खिडकीही त्या कायद्यातूनच निघाली. टपरी टाकली त्या वर्षी गावात बोलवा उठली होती की तांड्यातला माणूस आहे, आतलं चांगलं यंत्र काढून घेतो आणि हलकं बसवतो. गिऱ्हाईक समोर बसून गेलं तरी घरी गेल्यावर त्याच्या मनात यायचंच. मग भावसिंगनं एका शिक्षकाच्या घड्याळाच्या तबकडीला, खालच्या बाजूला, वाटाण्याएवढं भोक पाडलं आणि त्यावर काच बसवली. आतलं डोलणारं चक्र बाहेरून दिसू लागलं. "आता रोज पाहा," म्हणाला. "तुमचं तुमाले वळखू येईन."

माझ्याही घड्याळाला त्यानं त्या दिवशी खिडकी केली, मी न मागता. म्हणजे विचारलं त्यानं. "पोरीची नाडी पाह्याले घडी पाह्यजे ना? मंग काट्याकडे नका पाहू. काटा अटकते. हे चाक हालून राह्यलं म्हणजे घडी जित्ती हाय." केसासारखी बारीक करवत होती त्याच्याजवळ, सोनाराची असते तशी. खिडकीच्या कडेला त्यानं गोल फिरवून बारीक खाचा पाडल्या, आणि मी विचारलं की या कशाला, तर लाजल्यासारखं हसला. त्याची आई, ज्यांना तो याडी म्हणतो, त्या सुखीबाई कापडावर आरसे बसवायच्या. आरशाच्या कडेनं असेच टाके येतात. त्यानं ते पाहत पाहत मोठं होऊन पितळेवर उतरवले होते. त्याच्या हातची घड्याळं अजूनही या टाक्यांवरून ओळखू येतात. सही करायला तो शिकलेला नाही, पण हीच त्याची सही.

त्यानंतरचे अठरा दिवस मी शैलाच्या उशाशी बसून त्या वाटाण्याएवढ्या खिडकीत पाहिलं. आत एक सोनेरी चाक अर्धं फिरायचं, थांबल्यासारखं व्हायचं, परत यायचं. त्याच्या पोटात केसासारखी कमान फुगायची आणि मिटायची, झोपलेल्या मुलाचं पोट खालीवर होतं तशी. पोरीचं मनगट माझ्या एका हातात, आणि दुसऱ्या मनगटावर हे. कधी कधी दोन्ही एकाच तालात आहेत असं वाटायचं आणि मला वेडी आशा यायची. दुपारी ऊन खाटेवरून सरकत माझ्या मनगटाशी यायचं, घड्याळाच्या काचेवर पडायचं, आणि छतावर एक लहानसा उजेडाचा ठिपका थरथरत उभा राहायचा. शैला तापात त्याच्याकडे बोट दाखवायची. म्हणायची, आई, मासोळी. ताप उतरला त्या दिवशी तिनं आधी मासोळीच विचारली.

मग मी टपरीवर जायला लागले. कामाशिवाय, नुसती बसायला. सुरुवातीला लोक पाहायचे. मॅनेजरसाहेबांच्या बाई ट्रकवाल्यांमध्ये काय करतात म्हणून. नंतर सवय झाली. शैला माझ्याबरोबर असायची, भिंग डोळ्याला लावून बघायची आणि मला सांगायची की आत जत्रा भरली आहे. खरंच तसं असे. एक पाळणा फिरतोय, त्याच्या धक्क्यानं दुसरा, तिसरा अगदी सावकाश, आणि सगळ्यांच्या खाली, कोणाला दिसत नाही अशी मोठी कमान गुंडाळून बसलेली, तिच्या जोरावर सगळं चाललेलं. भावसिंग म्हणायचा, खरं तर आतलं यंत्रच दागिना आहे. लोक वरची तबकडी पाहतात आणि दागिना डब्यात बंद करून ठेवतात.

खिडकीच्या घड्या गावोगाव गेल्या. राजूरच्या कोळसा खाणीतला उकंडा एकदा आला होता, मी बाकड्यावरच होते. छप्पन्नच्या दसऱ्याला नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलेला माणूस. नवं घड्याळ घेऊन थेट इकडे आला.

"मोठी खिडकी कर," तो म्हणाला.

"काहून? नवी घडी हाय. कोरी हाय."

"तुले काय करा लागते? मले आतलं पाह्यचं हाय. आजपर्यंत आमाले सगळं बाहेरूनच पाहू देत होते."

भावसिंगनं वर पाहिलं, करवत उचलली आणि एरवीपेक्षा दुप्पट खिडकी केली. दोघं मग बराच वेळ ती पाहत बसले. जाताना उकंडा म्हणाला, "चाकं सगळी सारखी नाहीत रे." भावसिंग म्हणाला, "नाहीत. पन एक काढून ठेव, बाकीची सगळी उभी राह्यतात." उकंडानं ते जणू खिशात घालून नेलं. वर्षभरानं तो घड्याळ साफ करायला आला तेव्हा त्याच्याबरोबर खाणीतली आणखी चार माणसं होती.

यंदा माघात शैलाचं साक्षगंध झालं. मुलगा चांगला आहे, इंजिनियर आहे. त्याचे वडील नीळकंठराव उमरीकर नागपूरचे वकील. ते जेवायला बसले असताना माझ्या मनगटावरची खिडकी त्यांनी पाहिली आणि हातातला घास तसाच राहिला. त्यांच्या वडिलांचं खिशातलं घड्याळ होतं, विलायती, सोन्याच्या झाकणाचं, बारा वर्षं बंद. "विहीणबाई, तुमच्या या माणसाकडून ते चालू करून अशीच खिडकी करून घ्या. लग्नात मुलाच्या खिशात घालीन." पुढच्या आठवड्यात त्यांनी घड्याळ पाठवलं, मखमलीच्या पेटीत.

भावसिंग पेटी पाहून म्हणाला, "मालक?"

"ते नागपूरला आहेत. मी आहे ना."

"तुमी मालक नाही बाई."

"ते काही रोज यायचे नाहीत. त्यांच्या जागी मला समज."

त्यानं पेटी उचलून माझ्यासमोर बाकड्यावर ठेवली. मग म्हणाला, "बरं. मंग बसा तुमी. रोज बसा."

मी रोज बसले. तीन महिने. घरात लग्नाची तयारी, पापड, याद्या, पाहुण्यांची पत्रं. त्यातून दुपारी निघून मी तिथे जायची. आता वाटतं, माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात सुखाच्या दुपारी त्या असतील. मागचं सोनेरी झाकण उघडलं की आत पितळेचं एक रुंद पान होतं, चंद्रकोरीसारखं, आणि त्याखाली सगळी चाकं झाकलेली. भावसिंगनं यंत्र साफ करून चालू केलं, तबकडीला खिडकी केली. काम तिथे संपलं होतं. पण त्या पितळी पानाखाली काय आहे ते मला पाहायचं होतं. मीच म्हटलं, हे पानही कोरता येईल का? आधाराला लागेल तेवढं ठेव, बाकी काढ. वेलीसारखं.

भावसिंगचे डोळे चमकले. असं काम त्यानं कधी केलं नव्हतं, पण आदिलाबादच्या म्हाताऱ्याकडे एकदा पाहिलं होतं. मग रोज थोडं थोडं पितळ उतरू लागलं. आज एक चाक उघडं झालं, उद्या माणिक. पानाची जाळी झाली, जाळीची वेल झाली. करवतीखाली पितळेची धूळ पडायची आणि उन्हात ती सोन्यासारखी दिसायची. आम्ही बोलत नव्हतो फारसं. मला वाटायचं की मी कुठल्यातरी गावाचं छप्पर उचलून आत पाहते आहे आणि त्या गावातल्या कोणाला त्याचं काही वाटत नाही, सगळे आपापल्या कामात आहेत.

एका दुपारी त्याची करवत थांबली. वेलीच्या मधोमध अक्षरं होती, कोरलेली, तिरपी.

"बाई, हे काय लिहेलं हाय?"

मी वाचलं. परदेशी नाव होतं, लांबलचक, आणि खाली गावाचं नाव. "कंपनीचं नाव आहे."

"ठेवा लागते काय?"

"घड्याळ चालायला लागतं का ते?"

"नाही. चालाले नाही लागत."

"त्याखाली काय आहे?"

"सगळ्यात मोठं चाक."

"मग काढ," मी म्हटलं.

त्यानं पुन्हा विचारलं. दोनदा विचारायची त्याची सवय आहे. "मालकाच्या जागी तुमी हाय. काढू?"

"काढ म्हटलं ना."

मी शिकलेली. मला ती अक्षरं वाचता आली, आणि वाचता आली म्हणूनच मला ती फुकट वाटली. ज्याला वाचता येत नव्हतं तो थांबला होता.

काढलेलं पितळ तो जमा करून ओताऱ्याला देतो. ओतारी त्याचे बैलांचे घुंगरू करतो. ते नाव आता मुकुटबनच्या वाटेवर कुठल्या तरी बैलाच्या गळ्यात वाजत असेल.

घड्याळ तयार झालं तेव्हा नीळकंठराव स्वतः आले. झाकण उघडून पाहिलं. मग चष्मा पुसून परत पाहिलं. त्यांनी भावसिंगच्या खांद्यावर हात ठेवला होता त्या दिवशी. ते खूश होऊन गेले, आणि नागपुरातल्या एका मोठ्या घड्याळाच्या दुकानात त्यांनी ते दाखवलं. दुकानदार म्हणाला, या कंपनीचं यंत्र असतं तर नाव असतं. नाव नाही म्हणजे आतलं बदललेलं आहे. अस्सल काढून घेतलं, वर नक्षी करून दिली.

आज दुपारी ते मोटारीनं आले. घरी न येता थेट टपरीवर. लीलाबाई सांगत आल्या, तेव्हा मी धावत गेले. माणसं जमली होती.

"यंत्र कुठे आहे?" नीळकंठराव विचारत होते.

"ह्येच हाय साहेब."

"नाव कुठे आहे?"

"कापलं मी."

"कापलं. का कापलं?"

भावसिंगनं माझ्याकडे पाहिलं. मी गर्दीच्या कडेला उभी होते. फार थोडा वेळ पाहिलं त्यानं, आणि मग नजर खाली यंत्रावर नेली.

"चाक दिसत नव्हतं म्हणून."

"तुला कोणी सांगितलं होतं?"

"कोनी नाही साहेब. मले वाटलं."

नीळकंठराव वाईट माणूस नाहीत. वडिलांची एवढीच वस्तू त्यांच्याजवळ होती. पण ते म्हणाले, "तांड्यातल्या माणसाच्या हातात सोनं दिलं, चूक माझीच." आणि म्हणाले, "उद्या बारापर्यंत अस्सल यंत्र मिळालं नाही तर नागपूरहून येऊन मी स्वतः फिर्याद देतो." मग मी त्यांना दिसले. ते आवाज बदलून म्हणाले, "विहीणबाई, तुम्हाला मनस्ताप झाला. तुमचाही विश्वासघात झाला."

बारा दिवसांवर लग्न आहे. पत्रिका गेल्या आहेत. माझ्या तोंडात शब्द होता, मला तो जिभेवर जाणवत होता, आणि मी तो गिळला. मोटार गेली. भावसिंग खाली वाकून बाकड्यावरची धूळ पुसत होता. तिथे धूळ नव्हती.

संध्याकाळी बळीराम आमच्या फाटकाशी आला. आत येईना.

"बाई, त्यानं हत्यारं बांधली," म्हणाला. "उद्या सोताच ठाण्यात जातो मनते. मी मनलं, तू काहून जातं? चोरी केली काय? तर मनते, मी नाही गेलो तर पोलीस इचारत इचारत बाईच्या घरापर्यंत जातीन. बाईच्या घरी लगन हाय."

"आणि हंसाबाई?" हंसाबाई त्याची बायको.

"तिनं एकच इचारलं त्याले. मालक समोर होता का नव्हता? तो मने, होता. मंग तिनंच गठडीले गाठ मारली." बळीराम फाटकाच्या कडीशी खेळत राहिला. "कोन मालक, ते मले नाही सांगतलं त्यानं. मी बी नाही इचारत."

तो गेल्यावर मी शैलाच्या बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तू सांगितलंस तर काय होईल? नीळकंठराव म्हणतील, विहिणीनं आमच्या वडिलांची वस्तू मोडली आणि भर बाजारात उभं राहून गप्प बसली. लग्न मोडेल असं मी म्हणत नाही. पण शैलाला त्या घरात जन्म काढायचा आहे. लग्न होऊ दे. मग मी भावसिंगची बाजू पाहतो. चांगला वकील देऊ."

"नवऱ्या मुलाचा बापच वकील आहे ना," मी म्हटलं. त्यांचं चुकलं असं मला म्हणता येत नाही. आई म्हणून मीही हाच हिशेब दुपारी त्या गर्दीत उभी राहून केला होता, त्यांच्याआधी.

पण लग्नानंतर म्हणजे कधी? तोवर तो कोठडीत बसून आलेला असेल. सुटला तरी टपरीसमोरच्या बाकड्यावर कोण बसेल? तांड्यातला माणूस यंत्र बदलतो, हे ज्यांनी कधीकाळी म्हटलं होतं ते म्हणतील, आम्ही म्हणतच होतो. राजूरपर्यंत जेवढ्या मनगटांवर त्याच्या खिडक्या आहेत, तेवढी माणसं आपल्या खिडकीत बघून विचार करतील की हे माझंच आहे का. तबकडीला भोकं पाडून पाडून त्यानं पंधरा वर्षांत जी एक गोष्ट मिळवली, ती मी एका शब्दानं काढली. काढ म्हटलं ना. तोच माझा आवाज.

मघाशी शैला पाणी प्यायला उठली. मी जागी आहे हे पाहून माझ्याजवळ येऊन बसली. तिला दुपारचं सगळं कळलं होतं, गावात कोणाला कळलं नव्हतं? फक्त माझा भाग तिला माहीत नव्हता. मी तो सांगितला. ती बराच वेळ माझ्या मनगटाकडे पाहत होती.

"भावसिंगकाकांनी दोनदा विचारलं होतं ना?" तिनं विचारलं.

"हो. दोनदा."

"मग तिकडे गेल्यावर मी काय करू, आई? ते घड्याळ ह्यांच्या खिशात असणार. मी रोज पाहणार."

एवढं बोलून ती झोपायला गेली. रागावली नव्हती. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं.

बारापर्यंत इथे पोचायचं तर नीळकंठराव सकाळी सात वाजता नागपूरहून निघतील, म्हणजे त्याआधी त्यांना गाठायला हवं. जिनिंगच्या ऑफिसात फोन आहे आणि आत्ता एक्स्चेंजवर रात्रपाळीला शंकरसिंग असतो. अर्जंट ट्रंक कॉल मागितला तर तासाभरात लावून देतो. शंकरसिंग सगळं ऐकेल, आणि उजाडेपर्यंत ते चहाच्या हॉटेलापर्यंत पोचेल. पोचू दे. गर्दीसमोर गिळलेला शब्द गर्दीलाही कळायला हवा. विहीणबाई म्हणून बोलायचं नाही असं मी ठरवलं आहे. एवढंच सांगायचं: तुमच्या गैरहजेरीत मालकाच्या जागी मी बसले होते, नाव मी वाचलं होतं, ते जिनिव्हाचं होतं आणि अक्षरं तिरपी होती, त्यानं दोनदा विचारलं, मी काढ म्हटलं. आतलं यंत्र तुमच्या वडिलांचंच आहे. माणकं मोजा, एकवीस आहेत, मी पहिल्या दिवशी मोजली होती. पुढे ते जे बोलतील ते ऐकून घ्यायचं आणि फोन मधेच ठेवायचा नाही.

शैलाच्या बाबांना उठवत नाही. ऑफिसची किल्ली घेऊन मी फोन करायला जाते आहे.